कोअरकाकू

प्रोग्राम बंद पडला असं आमच्या ऑफिसात कोणी म्हटलं की काकू मान वर करून विचारायच्या, "बंद पडला की गेला?" बंद पडणं वेगळं आणि जाणं वेगळं. गेला असेल तर त्याला कोणी हात लावायचा नाही, घाईने पुन्हा चालू करायचा नाही, काकू येईपर्यंत स्क्रीन आहे तशी ठेवायची. मग साखळीला अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवत त्या यायच्या, खुर्चीतल्या माणसाला नुसत्या मानेने उठवायच्या आणि बसण्याआधी स्क्रीनसमोर क्षणभर गप्प उभ्या राहायच्या. पांढऱ्या चादरीशेजारी माणसं उभी असतात तशा. आसपासचे सगळे नकळत हळू बोलायला लागायचे.

"हं, सांगा आता," त्या म्हणायच्या. "कसा गेला ते नको. जायच्या आधी काय करत होता ते सांगा."

प्रोग्राम अचानक मरतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम त्याची त्या क्षणाची सगळी मेमरी एका फाइलमध्ये उतरवून ठेवते. तिला कोअर म्हणतात. आम्ही पोरं त्या फाइलकडे बघायचंही टाळायचो, आणि काकू ती पानसुपारीसारखी पुढ्यात घेऊन बसायच्या. त्यावरून कोणीतरी त्यांना कोअरकाकू म्हणायला लागलं. ते त्यांच्या कानावर गेलंच. एके दिवशी चहाच्या मशीनपाशी म्हणाल्या, "मागून काकू म्हणता, तोंडावर मॅडम म्हणता. एक काय ते ठरवा." तेव्हापासून त्या सगळ्यांच्याच काकू झाल्या. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले, तरी मला त्यांचं नाव आठवायला थोडा वेळ लागतो.

मी वाशीमहून नुकतीच पुण्याला आले होते. हडपसरला एका खोलीत तिघी राहायचो, आणि जवळच्याच आयटी पार्कमध्ये ही नोकरी लागली होती. काकूंनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि दोन्हींतलं गावच लक्षात ठेवलं. "ए वाशीम, इकडे ये," अशी हाक आली की वही-पेन घेऊन पळायचं. सिग्नल म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून शिकले. कॉलेजात व्याख्या पाठ केली होती, पण ती काही उपयोगाची नव्हती.

"सिग्नल म्हणजे दारावरची थाप," काकू म्हणाल्या. "प्रोग्राम आपल्या नादात असतो. ऑपरेटिंग सिस्टीम येते आणि थाप मारते. एक थाप म्हणते, आवरा, निघायचंय. एक म्हणते, अहो, तुम्ही दुसऱ्याच्या घरात शिरलात. ही दुसरी वाईट. ती आली की समजायचं, प्रोग्रामचं डोकं ठिकाणावर नाही."

"आणि नऊ नंबरची?"

"ती थाप नाही मारत. सरळ आत येते."

नऊ नंबरचा सिग्नल कोणत्याही प्रोग्रामला नाकारता येत नाही, तो ऐकूसुद्धा येत नाही. आम्ही पोरं काही अडलं की तोच वापरायचो. काकूंनी पाहिलं तर त्या मागून येऊन मनगट धरायच्या. हात थंडगार असायचा, उन्हाळ्यातसुद्धा. "आवरू द्या त्याला," म्हणायच्या. "हातातलं लिहून होऊ दे, फाइल मिटू दे. मग जाईल तो." प्रोग्रामबद्दल असं कोणी बोलतं याचं आधी हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

एका गोष्टीची मात्र आम्हाला भीती वाटायची. ऑफिसच्या एका भिंतीशी कपाटात चाचणीसाठी ठेवलेल्या पेट्यांची रांग होती. काकू तिकडे पाठ करून बसायच्या. काम चालू असताना त्या मध्येच थांबायच्या, मान जराशी कलती करायच्या आणि म्हणायच्या, "खालच्या फळीवरचा गेला." आम्ही वळून बघायचो तर सगळे दिवे हिरवे. आणि मग, बघता बघता, खालच्या फळीवरचा एक दिवा लाल व्हायचा. मी एकदा धीर करून विचारलं.

"पंख्याचा आवाज बदलतो गं," त्या सहज म्हणाल्या.

त्या पेट्यांना पंखे नव्हते. मी एक उघडून पाहिली होती. हे मी काकूंना सांगितलं नाही, आणि पुन्हा कधी विचारलंही नाही.

या पेट्या म्हणजेच आमच्या कंपनीचं काम. पुण्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात भिंतीवर एक पांढरी पेटी बसवायची. स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या दाराशी, पलंगाखाली छोटी यंत्रं लावायची. माणूस उठला, चहाला गेला, झोपला, की पेटी ते आमच्याकडे कळवायची, आणि परदेशातल्या मुलांच्या फोनवर हिरवा ठिपका उमटायचा. गळ्यात घालायला एक बटण असायचं. पडलं-झडलं तर ते दाबायचं. मग पेटी बोलायची: "काळजी करू नका. मदत येत आहे." आधी हे वाक्य एका गोड आवाजाच्या मुलीने म्हटलं होतं, पण आज्या म्हणाल्या, ही आम्हाला टूथपेस्ट विकतेय असं वाटतं. म्हणून काकूंचा आवाज घेतला. त्यांचा ळ आणि ण असा की कमी ऐकू येणाऱ्यालाही कळावा. मीटिंगच्या खोलीतला एसी बंद करून त्यांनी ते वाक्य एकदाच म्हटलं आणि म्हणाल्या, "झालं ना? मला कामं आहेत."

पुढे पेट्या वरचेवर क्रॅश व्हायला लागल्या. पेटीतला प्रोग्राम गेला की ठिपका लाल व्हायचा, आणि अमेरिकेतला मुलगा घाबरून आम्हाला फोन करायचा. इकडे आजी मजेत टीव्ही बघत असायची. आमचा मॅनेजर निखिल या फोनांनी कावला होता. त्याने बाहेरच्या एका माणसाकडून कोडचा एक तुकडा लिहून घेतला. दुसऱ्याच्या घरात शिरल्याची ती वाईट थाप आली, तरी प्रोग्रामने मरायचं नाही. ती थाप झेलायची, गिळून टाकायची आणि उडी मारून पुन्हा पहिल्यापासून काम सुरू करायचं. हा तुकडा सगळ्या घरांत पोचला आणि लाल ठिपके नाहीसे झाले. निखिलने सगळ्यांना पॅटिस मागवले.

काकूंनी पॅटिसला हात लावला नाही.

"मॅडम, क्रॅश झीरो झालेत," निखिल म्हणाला. "अजून काय पाहिजे?"

"मरत नाहीत म्हणजे जगतायत असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की ज्या प्रोग्रामला ती थाप बसली, त्याच्या मेमरीत काय उलथापालथ झालीय हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. त्याला जाऊ द्या. तो गेला तर क्षणात नवा उभा करता येतो. हा असा उभा ठेवलात तर तो काहीही सांगत बसेल, आणि आपण ते खरं मानू."

"कस्टमरला रेड नकोय मॅडम."

"तेच म्हणतेय मी," काकू म्हणाल्या. "आता दिसणारच नाही."

मीटिंगमध्ये त्या एकट्या पडल्या. तुकडा राहिला. पण त्या दिवसापासून काकू दुपारचा डबा ठिपक्यांच्या मोठ्या स्क्रीनसमोर बसून खायला लागल्या. पोळीचा तुकडा हातात तसाच राहायचा. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही. माणसं बघतेय."

अशाच एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. स्क्रीनवर कोथरूडच्या एका आजींचं घर उघडलेलं होतं. या आजी गणिताच्या निवृत्त शिक्षिका, मुलगा कॅनडात. पेटी बसवायला काकू स्वतः गेल्या होत्या, म्हणून त्यांना चांगल्या आठवत होत्या.

"काय करतायत बाई?" काकूंनी विचारलं.

"स्वयंपाकघरात आहेत. आता पलंगाकडे जातायत."

"काल या वेळी?"

मी मागचा दिवस काढला. स्वयंपाकघर, मग पलंग. त्याच्या मागचा दिवस काढला. स्वयंपाकघर, मग पलंग.

"शिक्षिका होत्या काकू. घड्याळ लावून जगत असतील."

"असतील. पण रात्री न्हाणीघरात जायलाही रोज त्याच सेकंदाला उठतात?"

मी पुन्हा पाहिलं.  आजींचा एकच दिवस पुन्हा पुन्हा येत होता. त्या उठत होत्या, चहा करत होत्या, मध्येच एकदा स्वयंपाकघरात परत जात होत्या, बहुधा काहीतरी विसरल्या म्हणून. आणि तेच विसरणं रोज त्याच क्षणी होत होतं. पेटीतल्या प्रोग्रामला कधीतरी ती वाईट थाप बसली होती. त्याने ती गिळली होती, आणि तेव्हापासून तो जुना साठवलेला एक दिवस गोल गोल फिरवून पाठवत होता. कॅनडातला मुलगा रोज फोन उघडून आईचा चहा झालेला बघत असणार.

"मग आजी खरंच आत्ता काय करतायत?" मी विचारलं.

 काकू आजींचा फोन लावत होत्या. रिंग पूर्ण वाजून थांबली. पुन्हा लावला. मुलाचाही कोणी उचलला नाही, तिकडे अजून उजाडायचं होतं. निखिल म्हणाला, सपोर्टच्या मुलाला संध्याकाळी पाठवतो. काकूंनी डब्याचं झाकण लावलं आणि मला म्हणाल्या, "गाडी आहे ना तुझी? चल."

हडपसर ते कोथरूड, भर उन्हात, काकू माझ्या मागे बसलेल्या. सिग्नलला गाडी थांबली की त्या फोनवर आजींचं ते पान उघडून बघायच्या. "पलंगावरून उठल्या," त्या म्हणाल्या. पुढच्या सिग्नलला, "खिडकीपाशी आहेत." आवाजात काहीच नव्हतं, वाचून दाखवल्यासारखा. मला मागे वळून, काकू, ते बंद करा, असं म्हणावंसं वाटत होतं.

सोसायटीत सगळं सामसूम होतं. दुसऱ्या मजल्यावर आजींचं दार. काकूंनी बेल वाजवली, थांबल्या, पुन्हा वाजवली. शेजारचं दार उघडलं आणि बनियनवरचे एक काका बाहेर आले.

"बेल एकदा वाजवली तरी पुरते," ते म्हणाले.

"आजी दार उघडत नाहीयेत," मी म्हटलं.

"आहेत की घरात. पाहुण्या आल्यात कोणीतरी. कालपासून बोलणं चाललंय दोघींचं, भिंतीतून येतंय ऐकू."

"कोण पाहुण्या?" काकूंनी विचारलं.

"मला काय माहीत? बाई आहे कोणीतरी. स्पष्ट बोलते."

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. लांबून, पण एकेक अक्षर कळेल असा. "काळजी करू नका. मदत येत आहे."

तो काकूंचा आवाज होता. काकू माझ्या शेजारी ओठ मिटून उभ्या होत्या आणि बंद दाराच्या आतून बोलत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं, आणि लगेच पुन्हा, अगदी तसंच, "काळजी करू नका. मदत येत आहे."

"किल्ली," काकू म्हणाल्या. "किल्ली आहे तुमच्याकडे?"

काकांकडे किल्ली होती. आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडलेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, ओठ सुकून फाटले होते. जिवंत होत्या. आदल्या दिवशी पडल्यापासून त्या गळ्यातलं बटण दाबत होत्या. बटण दाबलं की पेटीतला बोलणारा भाग बोलत होता आणि निरोप पुढच्या भागाकडे सोपवत होता. पुढचा भाग त्याच त्या दिवसात फिरत होता. निरोप कुठेच जात नव्हता. अंगठा अजूनही बटणावर होता. मी तो हलकेच बाजूला केला, तर त्यांनी तो पुन्हा तिथेच नेला.

काकूंनी ॲम्ब्युलन्सला फोन केला, पण बोलायला मला दिला. तेव्हा मला वाटलं, त्यांना धक्का बसलाय म्हणून; आजींना पुन्हा तोच आवाज ऐकू येऊ नये म्हणून, हे मागून उमगलं.

हॉस्पिटलमधून आम्ही परत ऑफिसात आलो. काकू सरळ डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या. तो तुकडा काढून टाकलेला प्रोग्राम सगळ्या घरांत आजच जाणार, म्हणाल्या. डायरेक्टर म्हणाले, एकदम इतक्या घरांत लाल झालं तर गोंधळ उडेल, आधी विचार करू, परवानगी घेऊ.

"परवानगी मागायला नाही आले मी," काकू म्हणाल्या. "सांगायला आले."

नऊ नंबर मात्र त्यांनी तेव्हाही वापरला नाही. घराघरांतल्या प्रोग्रामना आधी आवरायची सूचना दिली. नीट आवरू शकतील असे फार थोडे होते, बाकीचे आवरता आवरताच कोसळले. स्क्रीनवर एकेक ठिपका लाल होत गेला, आणि प्रत्येक लाल ठिपका म्हणजे आजवर हिरवा दिसत असलेला एक मेलेला प्रोग्राम. आम्हाला वाटलं होतं त्याहून ते कितीतरी जास्त होते.  मग आम्ही सगळ्यांनी, निखिलनेसुद्धा, प्रत्येक घरी फोन केले. नशिबाने बाकी सगळे ठीक होते. सहकारनगरच्या एका आजोबांनी तर मला सुनावलं, "मी जिवंत आहे एवढं विचारायला झोपमोड केलीत? उद्या विचारलं असतंत तरी असतोच."

आजींचं ऑपरेशन झालं. दोन-तीन दिवसांनी आम्ही भेटायला गेलो. आता आजी सावरल्या असतील असं समजून काकू पुढे झाल्या आणि एवढंच म्हणाल्या, "कशा आहात बाई?"

आजी किंचाळल्या. तशी किंचाळी मी आधी ऐकली नव्हती. हाताने सलाइनची नळी ओढायला लागल्या. नर्स धावत आली, आम्हाला बाहेर काढलं. मला नंतर आत बोलावलं तेव्हा आजी माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "ती बाई शेजारच्या खोलीत होती गं. येते म्हणायची. मी किती हाका मारल्या. येते म्हणायची आणि यायची नाही." हे त्या वेगवेगळ्या शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

काकू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. दार अर्धवट उघडं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या पेट्यांमधून आपला आवाज काढायला लावला, आणि काही आठवड्यांत नोकरी सोडली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाल्या, "कोणी काही गिळून टाकत असेल ना वाशीम, तर त्याच्या हिरव्यावर विश्वास ठेवू नकोस." आणि दोन पावलं जाऊन परत वळल्या, "आणि रविवारी मोकळी असतेस का?"

रविवारी आम्ही कोथरूडला जायला लागलो. आजी घरी आल्या होत्या, वॉकर घेऊन चालायच्या. एक बाई दिवसरात्र सोबतीला असायची. बोलायचं काम माझं. वाशीमच्या गोष्टी, खोलीतल्या मुलींच्या गोष्टी, ऑफिसच्या काही नाही. काकू एकही शब्द बोलायच्या नाहीत. भाजी निवडायच्या, आजींच्या चष्म्याचा ढिला स्क्रू पिळायच्या, पिशवीतून आणलेली वाटली डाळ बशीत काढून पुढे ठेवायच्या. शिंक आली तरी रुमालात दाबायच्या. ज्या बाईने डायरेक्टरला उभ्या उभ्या ऐकवलं, ती बाई त्या घरात वर्षभर मुकी होती. सोबतीच्या बाईला तर त्या खरंच मुक्या वाटायच्या, ती हातवारे करून चहा विचारायची. आजी मधूनच काकूंकडे टक लावून बघायच्या आणि मला काही सुचेनासं व्हायचं. दिवसाढवळ्या, उघड्या खिडक्यांच्या खोलीत, मला शेजारच्या खोलीकडे बघायचं धाडस होत नसे.

मुलगा न्यायला आला त्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचं गेलो. घर रिकामं झालं होतं, बोललं की घुमत होतं. भिंतीवर पेटीच्या जागी चौकोनी डाग होता. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली तर आजींनी हात वर करून मला थांबवलं, वर्गात थांबवतात तसं. त्या काकूंकडे वळल्या.

"तुम्ही मुक्या नाही आहात," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हॉस्पिटलमध्ये तुम्ही तोंड उघडलंत तेव्हाच कळलं."

काकूंनी मान खाली घातली.

"दर वेळी ठरवायचे, आता ही आली की हिला घरात घ्यायचं नाही. आणि तुम्ही यायचात, तोंड मिटून भाजी निवडत बसायचात. मला एक विचारायचंय, ते न विचारता मी तिकडे गेले तर मला झोप यायची नाही." आजींनी वॉकर पुढे सरकवला. "तुम्ही शेजारच्या खोलीत नव्हतात ना?"

 काकूंनी घसा साफ केला. एवढ्या दिवसांनी त्या घरात त्यांचा आवाज निघाला तेव्हा तो मलाही अनोळखी वाटला, खरखरीत, म्हातारा.

"नाही हो बाई," त्या म्हणाल्या. "मी हडपसरला होते. मला कळलंच नव्हतं. कळलं तशी निघाले."

आजींनी डोळे मिटले. त्यांचं अंग थरथरलं, मी उठणार होते, पण त्या ओरडल्या नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "बोला अजून."

"काय बोलू?"

"काहीही. मला ऐकू दे."

मग काकू बोलायला लागल्या. बुधवार पेठेत त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याबद्दल. त्या स्टुलावर बसून तारा कशा सोलायच्या, गणपतीच्या दिवसांत दुकानासमोर पाय ठेवायला जागा कशी नसायची, असं काहीबाही, एकातून दुसरं. उन्हं उतरली तरी कोणी दिवा लावला नाही. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच एकदा त्यांनी हात पुढे करून काकूंची बोटं चाचपून पाहिली, खरंच कोणी बसलंय का ते, आणि मग ती सोडली नाहीत.